कारकीर्दविषयक सिद्धान्तांत कुटुंबाचे स्थान

प्रस्तावना

मराठीत एखाद्या स्त्रीविषयी ‘तिने संसारासाठी करिअर सोडले’ असे सहज म्हटले जाते. पुरुषाविषयी बोलताना हेच वाक्य ‘त्याने संसारासाठी नोकरी धरली’ असे होते. संसार तोच, परंतु एकीच्या बाबतीत तो कारकिर्दीचा अंत ठरतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत तिचे कारण. बोलीभाषेतील हा भेद वरवरचा नाही. विसाव्या शतकात व्यवसाय-विकासाचे जे सिद्धान्त मांडले गेले, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हेच गृहीतक आढळते. कारकीर्द व्यक्तीची असते आणि कुटुंब तिच्या बाहेर असते, ही समजूत त्यांत इतकी मुरलेली होती की ती वेगळी मांडण्याची गरजही कोणाला भासली नाही. या समजुतीला तडे कसे गेले, पर्यायी मांडण्या कोणत्या आल्या आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयीन जीवनाला त्या कितपत लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आधुनिक व्यवसाय मार्गदर्शनाचा आरंभ सामान्यतः फ्रँक पार्सन्स यांच्यापासून मानला जातो. १९०८ मध्ये त्यांनी अमेरिकेतील बोस्टन शहरात व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. स्वतःची नीट ओळख, व्यवसायांची माहिती आणि या दोहोंची विवेकपूर्वक सांगड, अशी त्यांची त्रिसूत्री होती. ती आजही कालबाह्य झालेली नाही. अभियोग्यता चाचण्या आणि अभिरुची प्रश्नावल्या यांचे मूळ तेथेच आहे. मात्र या त्रिसूत्रीतील तरुण एकटा आहे. त्याच्यापुढे व्यवसायांची यादी आहे, हातात स्वतःच्या गुणदोषांचा तक्ता आहे. त्याच्या मागे आईवडील, पुढे होणारा विवाह, होणारी मुले यांपैकी कोणीही सिद्धान्ताच्या चौकटीत पाऊल ठेवत नाही.

दोन माणसांची एक कारकीर्द

हा एकटा तरुण खरोखर एकटा होता काय? या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर समाजशास्त्रज्ञ हॅना पपानेक यांनी १९७३ मध्ये दिले. त्या दक्षिण आशियातील स्त्रीजीवनाच्याही अभ्यासक होत्या. अनेक उच्च व्यवसायांत संस्था वेतन एकाला देते, पण काम दोघांकडून अपेक्षिते, असे त्यांनी दाखवून दिले. लष्करी अधिकारी, राजनैतिक अधिकारी, विद्यापीठीय प्राध्यापक यांच्या पत्नींनी पाहुण्यांची सरबराई करावी, पतीच्या लेखनाला साहाय्य करावे, वारंवारच्या बदल्यांत घर पुन्हा पुन्हा उभे करावे, हे सर्व त्या पदाच्या कार्यकक्षेत अलिखितपणे धरलेले असते. पपानेक यांनी याला दोन माणसांची एक कारकीर्द असे म्हटले. जुन्या मराठी ग्रंथांच्या ऋणनिर्देशात हस्तलिखिताची मुद्रणप्रत तयार करून देणाऱ्या पत्नीचा उल्लेख शेवटच्या ओळीत येतो. पपानेक यांच्या दृष्टीने पाहिल्यास ती ओळ ग्रंथाच्या निर्मितीप्रक्रियेचीच नोंद ठरते.

१९७७ मध्ये रोझाबेथ मॉस कँटर यांनी याच विचाराला संस्थात्मक बाजू दिली. काम आणि कुटुंब ही दोन स्वतंत्र जगे आहेत ही आधुनिक संस्थांची मिथक-कल्पना असून, कर्मचाऱ्याने कार्यालयात येताना कुटुंब जणू उंबऱ्यावर ठेवून यावे अशी तिची मागणी असते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. उंबऱ्यावर ठेवलेले कुटुंब सांभाळायला कोणीतरी घरी असेल, तरच ही मागणी पुरी होऊ शकते.

सुपर यांचे इंद्रधनुष्य

व्यवसाय-विकासाच्या मानसशास्त्रात डोनाल्ड सुपर यांचे स्थान मोठे आहे. कुटुंबाचा प्रश्न त्यांच्याच लेखनात कसा बदलत गेला, हे पाहणे उद्बोधक ठरते. १९५७ च्या ‘द सायकॉलॉजी ऑफ करिअर्स’ या ग्रंथात त्यांनी वाढ, शोध, स्थिरीकरण, टिकवण आणि उतार असे जीवनाचे पाच टप्पे मांडले. शोधाचा काळ साधारण पंधरा ते चोवीस वर्षांचा आणि स्थिरीकरणाचा पंचवीस ते चव्वेचाळीस. याच ग्रंथात कारकिर्दीच्या आकृतिबंधांचे वर्गीकरणही आहे. पुरुषांसाठी चार प्रकार : स्थिर, पारंपरिक, अस्थिर आणि बहुप्रयत्न. स्त्रियांसाठी मात्र सात.

स्त्रियांच्या यादीत जास्तीचे जे तीन प्रकार येतात, त्यांचा संबंध घराशी आहे. एक, शिक्षणानंतर थेट गृहिणीपद. दोन, नोकरी आणि घर ही दुहेरी वाटचाल. तीन, नोकरी, मग घर, मग पुन्हा नोकरी असा खंडित प्रवास. त्याहून बोलका तपशील दोन्ही याद्यांत असलेल्या ‘पारंपरिक’ या शब्दात दडला आहे. पुरुषाच्या यादीत त्याचा अर्थ काही उमेदवारीच्या नोकऱ्या करून एका ठिकाणी स्थिरावणे असा होतो. स्त्रीच्या यादीत त्याच शब्दाचा अर्थ काही काळ नोकरी करून विवाहानंतर पूर्णवेळ घर पाहणे असा होतो. पुरुषही दुहेरी वाटचाल करीत असेल, किंवा आजारी आईसाठी त्याचाही प्रवास खंडित होत असेल, ही शक्यता वर्गीकरणात नाही. सुपर यांनी त्या काळच्या अमेरिकी समाजाचे वर्णन केले, एवढे म्हणून त्यांना दोषमुक्त करता येईल. परंतु वर्णनासाठी तयार झालेली चौकट मार्गदर्शकांच्या हाती पडली की तिचा उपयोग सल्ल्यासाठी होतो, आणि तेथे प्रश्न गंभीर बनतो.

१९८० मध्ये सुपर यांनी स्वतःच ही चौकट ओलांडली. आयुष्याचा कालावधी आणि आयुष्याचा अवकाश या दोन परिमाणांवर त्यांनी ‘जीवन-कारकीर्द इंद्रधनुष्य’ नावाची आकृती उभी केली. इंद्रधनुष्याची प्रत्येक कमान म्हणजे एक भूमिका : अपत्य, विद्यार्थी, फुरसतीचा उपभोक्ता, नागरिक, कामगार, जोडीदार, घर चालविणारा, पालक आणि निवृत्त व्यक्ती. घर, समाज, शिक्षणसंस्था आणि कार्यस्थळ ही या भूमिकांची चार रंगस्थळे. एकाच वेळी अनेक कमानी चालू असतात. कोणत्या वयात कोणत्या भूमिकेला किती वेळ आणि किती मन दिले जाते, त्याप्रमाणे कमानीचा रंग गडद वा फिका होतो. या मांडणीत कारकीर्द म्हणजे या सर्व भूमिकांचा आयुष्यभराचा मेळ. नोकरी ही त्यातील एक कमान होय. आकृती स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच आहे, हे विशेष.

ही आकृती भारतीय घरात आणून ठेवली की तिच्यातील एक उणीव लगेच दिसते. तिच्यात ‘सून’ ही भूमिका नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य विवाहित स्त्रियांच्या दिनक्रमावर, राहण्याच्या गावावर, नोकरीच्या वेळांवर या भूमिकेचा प्रभाव पडतो, आणि ‘जोडीदार’ किंवा ‘घर चालविणारी’ या कमानींत ती पूर्णपणे सामावत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात निर्वाहाची जबाबदारी असणाऱ्या अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात यांचा समावेश झाला. सुनेचा झाला नाही. कायद्याच्या व्याख्येत सून नाही, सिद्धान्ताच्या आकृतीत नाही, पण सासऱ्यांच्या औषधांच्या वेळा बहुधा तिच्याच लक्षात असतात. ‘थोरला मुलगा’ या भूमिकेचेही थोडेफार असेच आहे. धाकट्या भावंडांची शिक्षणे पुरी होईपर्यंत स्वतःचे शिक्षण थांबविणाऱ्या थोरल्यांची उदाहरणे प्रत्येक महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गात सापडतील.

सुपर यांच्यानंतरच्या संशोधनाने भूमिकांमधील संबंधाचे दोन पैलू स्पष्ट केले. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये काम आणि कुटुंब यांच्यातील संघर्षाची तीन मुळे सांगितली : वेळेची टंचाई, एकीकडचा ताण दुसरीकडे वाहून येणे आणि एका ठिकाणी आवश्यक असणारे वर्तन दुसऱ्या ठिकाणी विसंगत ठरणे. ‘नॅक’ समितीची भेट आणि मुलाचा ताप एकाच दिवशी येणे हे पहिल्याचे उदाहरण. दिवसभर परीक्षागृहात शिस्त राखणाऱ्या अध्यापकाने घरीही पर्यवेक्षकाच्याच सुरात बोलणे हे तिसऱ्याचे. एकवीस वर्षांनी, २००६ मध्ये, ग्रीनहाउस यांनीच पॉवेल यांच्यासमवेत उलट बाजू मांडली. एका भूमिकेत मिळविलेली कौशल्ये, आत्मविश्वास आणि माणसे दुसरीला समृद्ध करतात, असा तो विचार आहे. संघर्षाइतकी या बाजूची चर्चा आपल्याकडे होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

निर्णय कोणाचा?

आतापर्यंतच्या सर्व मांडण्यांत, सुपर यांच्या मांडणीतही, निवड करणारी एक व्यक्तीच आहे. कुटुंब तिच्या भोवती आहे, पण निर्णय तिचा आहे. अर्थशास्त्रात १९८५ मध्ये ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी स्थलांतराच्या संदर्भात या गृहीतकालाच आव्हान दिले. कोणी शहरात जायचे आणि कोणी गावी राहायचे हा निर्णय बहुधा कुटुंब हे एकक घेते, उत्पन्नाचे मार्ग विभागून जोखीम कमी करणे हा त्यामागील एक हेतू असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

महाराष्ट्राला हे सांगण्यासाठी सिद्धान्ताची वाट पाहावी लागली नसती. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांचा इतिहास हेच सांगतो. रत्नागिरी आणि सातारा यांसारख्या जिल्ह्यांतून आलेला गिरणी कामगार गावाशी नाते तोडून शहरी झाला नाही, ही बाब राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या औद्योगिक इतिहासावरील ग्रंथात तपशीलाने मांडली आहे. चाकरमान्याची नोकरी, गावाकडील पत्नीने कसलेली शेती, महिन्याची मनीऑर्डर, शिमगा-गणपतीची रजा आणि वयात आलेल्या पुतण्याला गिरणीत चिकटविण्याची खटपट, हे सर्व मिळून एका घराचे नियोजन होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप इतका दीर्घकाळ चालू शकला, त्यामागे अनेकांना गावाकडील घराचा आधार होता, हेही एक कारण होते. त्या घरातील स्त्रीचे श्रम कोणत्याही हजेरीपटावर नव्हते.

गिरणगावात या कथेची आणखी एक बाजू होती. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी स्त्रिया चालवीत. अशा खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. पपानेक यांनी उच्च पदांच्या संदर्भात दाखविलेला दुसरा माणूस येथे कष्टकऱ्यांच्या वस्तीत भेटतो. फरक इतकाच की, खाणावळीत त्या कामाला पैसे मिळत होते, म्हणून ते दिसू लागले आणि त्याच्यासाठी कर्जाची, संघटनेची मागणी करता आली.

समाजशास्त्रात ग्लेन एल्डर यांनी जीवनक्रमाचा अभ्यास करताना एकमेकांत गुंतलेल्या आयुष्यांची जी कल्पना रूढ केली, ती कारकीर्दविचाराला येथे उपयोगी पडते. एकाच्या आयुष्यातील वळण दुसऱ्याच्या आयुष्याला वळण देते. कमला सोहोनी यांचे उदाहरण घेता येईल. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून परतलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञ कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम करीत होत्या. १९४७ मध्ये विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत अध्यापन-संशोधन करू लागल्या. नीरेच्या पोषणमूल्यांवरील त्यांचे प्रसिद्ध काम तेथे झाले. पार्सन्स यांच्या त्रिसूत्रीत या स्थलांतराला जागा नाही. विवाहाने एक प्रयोगशाळा सुटली आणि दुसऱ्या ठिकाणी संशोधनाचा विषयही नवा मिळाला, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतील एकच सांगणे म्हणजे अर्धे चरित्र सांगणे होय.

वयाचे गणित

अमेरिकेतील मेनिएरो आणि सुलिव्हन यांनी २००५ मध्ये शोभादर्शकाच्या रूपकातून स्त्रियांच्या कारकिर्दीची मांडणी केली. आव्हान, समतोल आणि स्वतःशी प्रामाणिक राहणे या तीन गोष्टी वयानुसार पुढे-मागे होत राहतात. तारुण्यात आव्हान, मधल्या वयात समतोल, उत्तरार्धात स्वतःशी प्रामाणिक राहणे, असा बहुतेक स्त्रियांचा क्रम त्यांना आढळला. मांडणी आकर्षक आहे. पण तिच्यात एक अट गृहीत आहे : बाहेर पडलेल्या व्यक्तीला परत येता आले पाहिजे. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदाचा राजीनामा दिलेल्या अध्यापिकेला काही वर्षांनी तसेच पद पुन्हा मिळेल, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी सुरू केलेली योजना हा या बाबतीतला महत्त्वाचा अपवाद. शोभादर्शक फिरविण्यासाठी तो हाती तरी असावा लागतो.

पेच वयाचा आहे. सुपर यांचा शोधाचा काळ जेथे संपतो आणि स्थिरीकरण सुरू होते, त्या पंचविशीच्या आसपास आपल्याकडील विद्यार्थिनीपुढे नेट-सेट, पीएच. डी. नोंदणी, तासिका तत्त्वावरील अध्यापन, विवाह आणि मातृत्व हे सर्व एकाच दशकात येऊन ठाकते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ही अडचण काही प्रमाणात ओळखली. पीएच. डी.विषयक २०१६ च्या विनियमांत स्त्री संशोधकांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत आणि संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा देण्यात आली. २०२२ च्या विनियमांतही ती कायम आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची वयोमर्यादा २०१८ मध्ये २८ वरून ३० झाली आणि स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सूट आहे. या तरतुदींमागे, कोणी तसे म्हटले नसले तरी, इंद्रधनुष्याचाच विचार आहे : विद्यार्थी, पालक आणि कामगार या कमानी एकाच वेळी गडद होऊ शकतात.

तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापिकेपर्यंत मात्र हा विचार पोहोचलेला दिसत नाही. तिचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरते. जो तास घेतला नाही, त्याचे मानधन नाही. संशोधक म्हणून तिला २४० दिवसांची रजा आहे आणि अध्यापक म्हणून त्याच दिवसांत उत्पन्न शून्यावर येते. एकाच व्यक्तीच्या दोन भूमिकांना शिक्षणव्यवस्था दोन वेगळे नियम लावते.

सेवेतील कर्मचाऱ्यांविषयीच्या तरतुदीही सिद्धान्ताच्या दृष्टीने वाचण्याजोग्या आहेत. केंद्र सरकारने २००८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. एकल पुरुष पालकांना ती मिळण्यासाठी २०१८ चा शेवट उजाडावा लागला. मातृत्व लाभाची मुदत २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. या तरतुदी आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहेत. या संहितेतही पित्याच्या रजेची तरतूद नाही. रजेचे नाव ‘बालसंगोपन’ आणि पात्रतेची अट ‘महिला’, या जोडणीत १९५७ ची ती सात प्रकारांची यादी अजून डोकावते. रजेचा संपूर्ण भार नियोक्त्यावर आणि ती घेणारी केवळ स्त्री, असे झाले की मुलाखतीच्या खोलीत तरुण विवाहित उमेदवाराकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल, हे वेगळे सांगावयास नको.

घरातील कामाची विभागणी किती बदलली? राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार २०१९ मध्ये घरातील विनामोबदला कामांत स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवीत होते. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. ही सरासरी केवळ ते काम करणाऱ्यांची आहे. २०१९ मध्ये असे काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के आणि पुरुषांचे २६.१ टक्के होते. म्हणजे ती ९७ मिनिटे जेमतेम एकचतुर्थांश पुरुषांची होती.

२०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी याचा दुवा कामाच्या रचनेशी जोडला. काही पदे हावरट असतात. जो कोणत्याही वेळी हजर राहू शकतो, त्याला ती अधिक तासांच्या प्रमाणाहून कितीतरी अधिक मोबदला देतात. दांपत्यातील एक अशा पदावर गेला की दुसऱ्याला लवचीक पद स्वीकारावे लागते. अमेरिकेतील औषधनिर्मात्यांच्या व्यवसायात मात्र एकाचे काम दुसऱ्याला सहज करता येऊ लागल्याने स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील तफावत फारच कमी झाली, असे त्यांना आढळले. अध्यापन या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते. सहकाऱ्याशी तास बदलून घेता येतो, पण पदोन्नतीसाठी लागणारा शोधनिबंध बदलीवर लिहून मिळत नाही, आणि तो लिहिण्याची वेळ बहुधा रात्रीची असते.

मार्गदर्शन कक्षातील प्रश्न

महाविद्यालयांतील व्यवसाय मार्गदर्शन कक्षांचे अर्ज पाहिले तर त्यांत गुणांची टक्केवारी, आवडीची क्षेत्रे, वडिलांचा व्यवसाय, भाषांचे ज्ञान अशा नोंदी असतात. ही पार्सन्स यांचीच त्रिसूत्री आहे. कुटुंबाविषयी विचारणे हा खासगी जीवनात हस्तक्षेप ठरेल, अशी भीती समुपदेशकास वाटणे स्वाभाविक आहे. आणि केवळ विद्यार्थिनींना तसे विचारले, तर तो हस्तक्षेपच ठरेल. त्यावर साधा उपाय आहे. सुपर यांची कोरी आकृती वर्गातील सर्वांना, मुलग्यांना आणि मुलींना, एकाच वेळी द्यावी. ‘सून’, ‘जावई’, ‘थोरले भावंड’ यांच्यासाठी कमानी वाढवाव्यात. आणि येत्या पंधरा वर्षांत कोणती कमान केव्हा गडद होईल, ते प्रत्येकाने स्वतः रंगवावे. कमानी पुसण्याची आणि पुन्हा रंगविण्याची मुभा असावी. उत्तरे गोळा करण्याचीही गरज नाही. पालकत्वाची कमान किती मुलगे मुळातच रंगवीत नाहीत, हे समुपदेशकाला वर्गातून फिरताना दिसू शकेल, आणि पुढील संभाषण तेथून सुरू करता येईल.